खाऱ्या हवेतला सोलर कंट्रोलर : व्हिक्ट्रॉन स्मार्टसोलर ७५/१५, दोन हंगामांच्या वापरानंतर

जयगडच्या खाडीत नांगर टाकून रात्र काढायची असेल, तर डोलकाठीच्या टोकावरचा पांढरा दिवा उजाडेपर्यंत जळत राहिला पाहिजे, कारण पहाटेच्या अंधारात मासेमारीच्या बोटी तिथूनच समुद्रावर निघतात आणि चोवीस फुटांची शिडाची होडी दिव्याशिवाय त्यांच्या तांडेलांना दिसत नाही. हा दिवा अवघा दोन वॉटचा असतो. तरीही एका मार्च महिन्यात तो माझ्या होडीवर रात्री दोनच्या सुमारास विझला, आणि उरलेली रात्र मी विजेरी हातात धरून जागून काढली. आदल्या दिवशी आकाश निरभ्र होते, दोन्ही सोलर पॅनेल धुऊन स्वच्छ केलेली होती आणि बॅटरी जेमतेम वर्षाची होती. दोष मधल्या छोट्या डब्यात, म्हणजे पॅनेलची वीज बॅटरीत भरण्यावर नियंत्रण ठेवणाऱ्या चार्ज कंट्रोलरमध्ये होता. त्याच्या जागी मी व्हिक्ट्रॉनचा स्मार्टसोलर एमपीपीटी ७५/१५ बसवला. ऑक्टोबर ते मे असे दोन पूर्ण हंगाम, रत्नागिरीहून उत्तरेला दाभोळपर्यंत आणि दक्षिणेला विजयदुर्ग-मालवणपर्यंत तो वापरून झाल्यावर हे परीक्षण लिहीत आहे.

आधी गरज किती ते सांगतो, कारण त्याशिवाय कंट्रोलरच्या आकाराविषयी बोलण्यात अर्थ नाही. नांगर-दिव्याला रात्रभरात २ अँपिअर-तास लागतात. व्हीएचएफ रेडिओ दहा तास नुसता ऐकत ठेवला तर ४, जीपीएस प्लॉटर आठ तासांत साडेपाच ते सहा, केबिनचे दोन दिवे २, दोन मोबाइल अडीच, आणि एप्रिल-मेमध्ये ज्याच्याशिवाय आत झोपताच येत नाही तो छोटा पंखा ८. बेरीज २४ ते २५ अँपिअर-तास होते. बॅटरी १०० अँपिअर-तासांची, पाण्याची, १२ व्होल्टची. पॅनेल १०० वॉटची दोन, मागच्या स्टीलच्या चौकटीवर आडवी बसवलेली. पावसाळा सोडला तर आपल्या किनाऱ्यावर दिवसाला पूर्ण उन्हाचे साधारण पाच तास धरता येतात. त्यातून तीस टक्के घट वजा केली तरी २०० वॉटमधून ७०० वॉट-तास, म्हणजे पन्नासहून अधिक अँपिअर-तास मिळायला हवेत. गरजेच्या दुप्पट वीज येत असताना दिवा विझला होता, म्हणूनच मी कंट्रोलरच्या मुळाशी गेलो.

त्या जुन्या कंट्रोलरचे नाव इथे घेत नाही. त्याच्यावर मोठ्या अक्षरांत ‘एमपीपीटी’, म्हणजे पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा प्रकार, असे छापलेले होते, आणि अशी छपाई असलेले पण आतून साधे पीडब्ल्यूएम, म्हणजे पॅनेल बॅटरीला नुसते जोडणारे-तोडणारे, असलेले कंट्रोलर बाजारात पुष्कळ आहेत, म्हणून ओळखण्याची रीत सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते. डीसी प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर घ्यावा. साधा एसी क्लॅम्प इथे चालत नाही. बॅटरी बऱ्यापैकी उतरलेली असताना, सकाळी दहा-अकराच्या उन्हात, पॅनेलकडून येणाऱ्या तारेतला आणि बॅटरीकडे जाणाऱ्या तारेतला प्रवाह लागोपाठ मोजावा. खरा एमपीपीटी पॅनेलचे जास्तीचे व्होल्ट उतरवून त्यांचे अँपिअर करतो, त्यामुळे बॅटरीच्या बाजूचा आकडा स्पष्टपणे मोठा दिसला पाहिजे. माझ्याकडे पॅनेलच्या बाजूला १०.२ आणि बॅटरीच्या बाजूला १०.१ अँपिअर दिसले. तो डबा पॅनेल आणि बॅटरी यांच्यामधला एक स्विच होता, बाकी काही नव्हते. झाकण उघडले तेव्हा व्होल्ट उतरवायला लागणारी तांब्याच्या वेढ्यांची जाड कॉइल आत नव्हतीच, आणि टर्मिनलच्या स्क्रूंभोवती ओल्या रांगोळीसारखी हिरवट पूड साचलेली होती. शिवाय ऊन चढले की व्हीएचएफच्या चॅनेल १६ वर सतत फुसफुस ऐकू येई आणि पॅनेलची तार सोडवली की ती थांबे. संकटात ज्या चॅनेलवर हाक मारायची आणि इतरांची हाक ऐकायची, त्याच्यावर असा आवाज करणारे उपकरण होडीवर ठेवता येत नाही.

व्हिक्ट्रॉन ही १९७५ पासूनची नेदरलँड्समधली कंपनी. ७५/१५ या नावातला पहिला आकडा पॅनेलकडून चालणारे कमाल व्होल्ट सांगतो आणि दुसरा बॅटरीला मिळणारे कमाल अँपिअर. १२ व्होल्टच्या बॅटरीवर तो २२० वॉटपर्यंतची पॅनेल पुरेपूर वापरतो. वजन अर्धा किलो, आकार तळहाताएवढा, आत पंखा नाही. वरची क्लॅम्प मीटरची परीक्षा तो पहिल्याच सकाळी उत्तीर्ण झाला आणि रेडिओवरची फुसफुसही गेली.

एमपीपीटीमुळे तीस टक्के वीज जास्त मिळते असे विक्रेते सांगतात. हे विधान डिसेंबरच्या सकाळी खरे असते आणि मेच्या दुपारी खरे नसते, आणि त्याचे कारण कोकणातल्या माणसाने नीट समजून घेतले पाहिजे. ३६ सेलच्या, ज्याला आपण बारा व्होल्टचे म्हणतो त्या पॅनेलवर १८ व्होल्ट असा आकडा छापलेला असतो, पण तो सेलचे तापमान २५ अंश असतानाचा. डिसेंबरात सकाळी नऊ वाजता सेल ३५ अंशांवर असतात, पॅनेल १७ व्होल्टच्या पुढे असते आणि रात्रभर वापरलेली बॅटरी १२.८ व्होल्टच्या आसपास चार्ज घेत असते. हा सगळा फरक पीडब्ल्यूएम वाया घालवतो आणि एमपीपीटी कामाला लावतो. तीस टक्के तिथे खरोखर मिळतात. मे महिन्यात सूर्य रत्नागिरीच्या थेट डोक्यावर येतो, काळे सेल साठ अंशांच्या पुढे जातात आणि तेच पॅनेल साडेपंधरा व्होल्टवर घसरते. बॅटरी त्या वेळी १४.२ वर पोहोचलेली असते. फरक जेमतेम सव्वा व्होल्टचा उरतो आणि एमपीपीटीचा फायदा आठ-नऊ टक्क्यांपलीकडे जात नाही. दुपारी खारा वारा सुटला की पॅनेल थोडी निवतात आणि आकडा किंचित सुधारतो, इतकेच. केवळ जास्तीच्या विजेसाठी कोणी हा कंट्रोलर घेत असेल, तर त्याने हा हिशेब आधी मांडून पाहावा.

मी तो दुसऱ्या कारणासाठी घेतला, आणि दोन हंगामांनंतर तेच कारण मला सर्वांत वजनदार वाटते. आपल्याकडे बॅटरी जितकी वापराने संपत नाही तितकी उष्णतेने संपते. बॅटरी कंपन्यांनी दिलेले १४.४ व्होल्टसारखे आकडे २५ अंशांसाठी असतात. तापमान वाढले की बॅटरीला कमी व्होल्ट द्यावे लागतात, नाहीतर ती पूर्ण भरल्यावरही उकळत राहते, पाणी उडते आणि प्लेटा उघड्या पडतात. व्हिक्ट्रॉन प्रत्येक अंशामागे १६ मिलिव्होल्ट कमी करतो. त्याने ३८ अंश तापमान मोजले, तर १४.४ ऐवजी १४.१९ व्होल्टवर तो थांबतो. दोन दशांश व्होल्ट ऐकायला क्षुल्लक वाटतात. जुन्या कंट्रोलरवर मला उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी बॅटरीचे पाणी भरावे लागे; आता दीड-दोन महिन्यांनी झाकणे उघडतो आणि पातळी खुणेच्या थोडीच खाली गेलेली असते.

यातही एक मेख आहे. हा कंट्रोलर तापमान स्वतःच्या अंगात मोजतो, तेही सकाळी चार्जिंग सुरू होण्यापूर्वी. माझी बॅटरी आणि कंट्रोलर एकाच केबिनमध्ये दीड मीटरच्या अंतरावर असल्यामुळे सकाळपुरते ते चालते, पण बॅटरी इंजिनशेजारच्या बंद कप्प्यात असेल तर दिवसा दोन्हींच्या तापमानात मोठा फरक पडेल. तशा ठिकाणी स्मार्ट बॅटरी सेन्स नावाची वेगळी छोटी पेटी थेट बॅटरीवर लावावी. ती बॅटरीचे तापमान आणि तिच्या टर्मिनलवरचे खरे व्होल्ट ब्लूटूथने कंट्रोलरला कळवत राहते. माझ्या मते उकाड्याच्या किनाऱ्यावर कंपनीने ही सोय कंट्रोलरसोबतच द्यायला हवी होती.

पॅनेल एकमेकांना कशी जोडावीत यावर मी पहिला महिनाभर प्रयोग केले. होडीवर सावली टळत नाही: डोलकाठी, बूम (शिडाच्या खालचा आडवा दांडा), तणावे यांच्या सावल्या भरती-ओहोटीबरोबर होडी फिरेल तशा पॅनेलवरून सरकत राहतात, आणि म्हणून समांतर जोडणी करावी असा सर्वसाधारण सल्ला दिला जातो. तो चुकीचा नाही. परंतु या कंट्रोलरची एक अट आहे. सकाळी सुरू होण्यासाठी पॅनेलचे व्होल्ट बॅटरीपेक्षा ५ ने जास्त असावे लागतात आणि नंतर निदान १ ने जास्त राहावे लागतात. मेच्या दुपारी समांतर जोडलेली पॅनेल साडेपंधरावर आणि बॅटरी १४.२ वर, म्हणजे अटीपुरते १५.२ लागतात, वरून येणाऱ्या तारेत थोडे व्होल्ट गळाले की हाताशी काहीच उरत नाही. कंट्रोलरच्या मोबाइल ॲपमध्ये मला हे प्रत्यक्ष दिसले. ऐन एक वाजता, लख्ख उन्हात, प्रवाह अधूनमधून कोसळायचा आणि पॅनेलवर गोड्या पाण्याच्या दोन बादल्या ओतल्या की पुन्हा चढायचा. दोन्ही पॅनेल एकापुढे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडल्यावर उन्हातही ३१ व्होल्ट मिळू लागले आणि हा त्रास संपला. सकाळी चार्जिंगही आधी सुरू होते. उघड्या मंडलात, म्हणजे पॅनेलमधून वीज घेतली जात नसताना, दोन पॅनेलचे मिळून ४४ व्होल्ट होतात, ७५ च्या मर्यादेपासून ते पुष्कळ दूर आहेत. बूमची सावली एका पॅनेलवर आडवी पडली की सिरीजमध्ये नुकसान जास्त होते हे खरे, म्हणून नांगर टाकल्यावर बूम दोरीने एका बाजूला ओढून बांधण्याची सवय मी लावून घेतली आहे.

जोडणीसाठी रत्नागिरीतल्या ज्या मिस्त्रींना बोलावले ते ट्रॉलरांचे वायरिंग करतात आणि त्यांचा हात सफाईदार आहे. त्यांनी अडीच स्क्वेअरची, म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर जाडीची, वायर आणली होती.

“भाऊ, घरच्या गिझरला पण आपण हीच टाकतो. दहा अँपिअरला काय होतंय हिला?”

वायर तापली नसती हे त्यांचे म्हणणे बरोबरच होते. घरात २३० व्होल्टमधून पाव व्होल्ट गळला तर कोणाला पत्ताही लागत नाही, मात्र बारा व्होल्टच्या होडीवर त्या पाव व्होल्टातच बॅटरी भरणे आणि अर्धवट राहणे यातला फरक असतो. अडीच स्क्वेअरच्या तांब्याचा रोध मीटरला सुमारे साडेसात मिलिओहम असतो. कंट्रोलरपासून बॅटरीपर्यंत जाऊन-येऊन तीन मीटर धरले तर १० अँपिअरला ०.२२ व्होल्ट वाटेतच जातात. कंट्रोलर स्वतःच्या टर्मिनलवर १४.२ पाहतो आणि बॅटरी भरत आली असे समजतो, तेव्हा बॅटरीवर प्रत्यक्षात १३.९८ असतात. हा हिशेब मी कागदावर मांडून दाखवला, आणि मिस्त्रींनी मोकळेपणाने वायर बदलून सहा स्क्वेअरची आणली. या कंट्रोलरच्या टर्मिनलमध्ये त्याहून जाड तार मावतही नाही. आता गळती ०.०९ व्होल्टवर आली आहे. तार कल्हई केलेलीच घ्यावी. साधे तांबे खाऱ्या हवेत आवरणाच्या आतून काळे पडत जाते आणि बाहेरून काही कळत नाही. तारेच्या टोकांवर धातूचे थिंबल दाबून बसवावेत, त्यांच्यावर आकसणारी नळी चढवावी, आणि बॅटरीच्या धन टोकापाशी, शक्य तितक्या जवळ, फ्यूज घालावा. जोडताना आधी बॅटरी आणि मग पॅनेल, सोडवताना आधी पॅनेल आणि मग बॅटरी, हा क्रम मी कंट्रोलरशेजारी पाटीवर लिहून ठेवला आहे.

बसवण्याच्या जागेविषयी कंपनीची पुस्तिका स्पष्ट आहे: उभा, टर्मिनल खाली, वर आणि खाली दहा सेंटिमीटर मोकळी जागा, आणि बॅटरीच्या थेट वर कधीही नाही, कारण चार्ज होताना निघणारा वायू आतले भाग खातो. जलरोधाच्या बाबतीत इलेक्ट्रॉनिक भागाला आयपी४३ आणि जोडणीच्या भागाला आयपी२२ हा दर्जा आहे. साध्या शब्दांत सांगायचे तर वरून पडलेले चार थेंब तो सोसेल, समुद्राचा फवारा सोसणार नाही. कॉकपिटमध्ये तो लावू नये. माझा केबिनच्या आत, पायऱ्यांच्या मागच्या फळीवर आहे, जिथे वाऱ्याच्या दिशेने जातानाही पाणी पोहोचत नाही. दोन हंगामांनंतर टर्मिनलचे स्क्रू काढून पाहिले तेव्हा ते स्वच्छ होते. पूर्ण क्षमता तो ४० अंशांपर्यंतच देतो, त्यामुळे मेच्या दुपारी केबिनची झडप उघडी ठेवणे त्याच्याही सोयीचे आहे.

यंत्रावर पडदा नाही, तीन दिवे आहेत. आकडे पाहायचे तर मोबाइलवर ॲप उघडावे लागते. ओल्या, खारट हातांनी, हेलकाव्यात ते काम त्रासाचे आहे आणि मोबाइल उतरला असेल तर काहीच कळत नाही. वेगळा पडदा जोडता येतो, पण त्याचे पैसे वेगळे. दुसरीकडे, ॲपमध्ये मागच्या तीस दिवसांचा रोजचा इतिहास राहतो: किती वॉट-तास आले, बॅटरी सर्वांत खाली कुठे गेली, चार्जिंगच्या कोणत्या टप्प्यात किती वेळ होती. दोष शोधायला याचा जितका उपयोग झाला तितका दुसऱ्या कशाचाच नाही. विजयदुर्गच्या खाडीत चार दिवस थांबलो असताना रोजची आवक थोडी थोडी घटत गेलेली दिसली आणि वर चढून पाहिले तर पॅनेलवर वाळलेल्या मिठाची पांढुरकी साय धरली होती. ओल्या फडक्याने पुसल्यावर दुसऱ्या दिवशी आकडा जागेवर आला. ब्लूटूथचा पिन मात्र पहिल्याच दिवशी बदलावा, नाहीतर शेजारच्या होडीतूनही कोणी आपली मांडणी बदलू शकेल.

लोड नावाची वेगळी टर्मिनल आहेत, तीही १५ अँपिअरची, आणि बॅटरी फार उतरली की ती आपोआप बंद होतात. दिवे, पंखा आणि मोबाइलचे चार्जर त्यांच्यावर जोडावेत. बिल्जचा, म्हणजे होडीच्या तळाशी साचलेले पाणी उपसणारा, पंप तिथे जोडू नये. होडीत पाणी येत असेल तेव्हा बॅटरी वाचवण्यापेक्षा पंप चालू राहणे महत्त्वाचे असते, म्हणून तो फ्यूजमधून थेट बॅटरीवरच हवा. याच कारणासाठी मी व्हीएचएफही थेट बॅटरीवर ठेवला आहे.

किंमत साध्या पीडब्ल्यूएमच्या कितीतरी पट आहे, आणि प्रत्येकाने ती मोजावी असे मी म्हणणार नाही. ज्याच्या होडीवर एक पन्नास वॉटचे पॅनेल आणि दोन एलईडी दिवे आहेत, त्याने तापमानानुसार व्होल्ट बदलणारा, प्रामाणिकपणे पीडब्ल्यूएम म्हणवणारा कंट्रोलर घ्यावा आणि उरलेले पैसे चांगल्या तारेवर खर्च करावेत. फक्त त्याची ऋण बाजू पॅनेल, बॅटरी आणि लोड या तिन्हींना समान आहे ना, हे विचारून घ्यावे. घरगुती दिव्यांसाठी बनवलेल्या अनेक कंट्रोलरांत धन बाजू समान असते आणि होडीच्या वायरिंगशी तिचे जमत नाही. शंभर-दीडशे वॉटपर्यंतच्या पॅनेलला व्हिक्ट्रॉनचाच ७५/१० पुरतो. घराच्या छतावर लावतात तसले तीस-चाळीस व्होल्टचे पॅनेल स्वस्तात मिळत असेल, तर एमपीपीटीला पर्याय नाही, कारण पीडब्ल्यूएमवर त्याची निम्म्याहून अधिक वीज फुकट जाते. लिथियम बॅटरी घेणाऱ्यांसाठी ॲपमध्ये वेगळी मांडणी तयार आहे आणि तिच्यात तापमानाची भरपाई बंद असते, ती बंदच राहू द्यावी.

शेवटची गोष्ट पावसाळ्याची, आणि इथे चूक माझी झाली. मासेमारीच्या बोटी १ जून ते ३१ जुलैच्या बंदीपुरत्या वर ओढलेल्या असतात, माझी होडी मात्र मेअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत किनाऱ्यावर ताडपत्री आणि झापांखाली असते. पहिल्या पावसाळ्यात मी सगळे जोडलेलेच ठेवले. कंट्रोलर स्वतःसाठी १२ व्होल्टवर २५ मिलिअँपिअर घेतो, हे माहितीपत्रकात छापलेले आहे. दिवसाला ०.६ अँपिअर-तास आणि एकशेवीस दिवसांचे ७२. वर झाप, त्यामुळे पॅनेलकडून काहीच येत नव्हते, आणि बॅटरीची आपसूक होणारी उतरण वेगळी. ऑक्टोबरात मीटरवर १०.९ व्होल्ट दिसले आणि ती बॅटरी पुन्हा पूर्ववत झाली नाही. आता होडी वर घेतली की त्याच संध्याकाळी आधी पॅनेल सोडवतो, मग बॅटरी सोडवून घरी आणतो आणि महिन्यातून एकदा चार्जरला लावतो. कंट्रोलर फळीवरून काढून, टर्मिनल पुसून, सिलिकाच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो. मागच्या ऑक्टोबरात सगळे परत जोडले तेव्हा बॅटरी १२.६ व्होल्टवर होती आणि कंट्रोलरने आधीची सर्व मांडणी जशीच्या तशी उचलली.